घरगुती ध्वनिमुद्रण : ऑडिओ इंटरफेस कसा निवडावा?

मुखांतून निघालेला शब्द हवेंत विरतो आणि पुन्हां हातीं लागत नाहीं, ही मनुष्याची फार जुनी खंत आहे. सन १८७७ मध्यें अमेरिकेंत टॉमस एडिसन यानें फोनोग्राफ सिद्ध केला, तेव्हां ती दूर होण्याचा मार्ग प्रथम मोकळा झाला. पुढें पंचवीस वर्षांनीं, सन १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यांत, फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकानें कलकत्त्यास गौहरजान या प्रख्यात गायिकेचें गाणें तबकडीवर उतरविलें. त्या काळीं गवयास यंत्राच्या कर्ण्यापुढें तोंड नेऊन मोठ्यानें गावें लागे, आणि तासभर चालणारा राग अवघ्या तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावा लागे. ज्या कामाकरितां त्या वेळीं यंत्रसामग्री आगबोटीनें समुद्रापार आणावी लागली, तें काम आज संगणकाजवळ ठेवलेली एक लहानशी पेटी करूं शकते. या पेटीस ऑडिओ इंटरफेस असें म्हणतात.

गाण्याची, वाद्याची किंवा वक्तृत्वाची आवड असलेले विद्यार्थी ही पेटी घरीं आणण्याचा हट्ट धरतात. पालकही कौतुकानें होकार देतात. परंतु दुकानांत गेल्यावर अंकांची व अक्षरांची अशी कांहीं गर्दी डोळ्यांपुढें उभी राहते, कीं शेवटीं जी वस्तु अधिक महाग तीच अधिक चांगली असावी, असें समजून ती घेतली जाते. हें पेटीचें काम काय, तें न कळल्याचें फळ होय. याकरितां प्रथम तिचें काम व मग तिची निवड, या क्रमानें आम्ही या विषयाचा विचार करणार आहों.

त्यापूर्वीं हा खटाटोप कशासाठीं करावयाचा, हेंही ध्यानांत असावें. जात्यावर दळतांना आमच्या आज्या-पणज्यांनीं ज्या ओव्या गाइल्या, त्यांचा संग्रह हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून हिंडून केला. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनीं गोळा केल्या, आणि त्यांतील कित्येक गाणारणींच्या स्वतःच्या आवाजांत मुद्रित झाल्या. हें काम थोर खरेंच. तथापि तुमच्या आजीचा आवाज कांहीं त्यांत नाहीं. पिठाच्या गिरणीनें जातें बंद पाडलें, आणि जात्याबरोबर त्याचा सूरही ओसरला. जी वृद्ध माणसें आज घरांत आहेत, त्यांच्या कंठांत जें उरलें आहे, तें टिपून ठेवण्याची संधि सर्वकाळ राहणार नाहीं. तेव्हां पेटीची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे.

आतां पेटीचें काम पाहूं. आम्ही तिला दुभाष्याची उपमा देतों. ध्वनि म्हणजे हवेच्या दाबांतील चढउतार. मायक्रोफोन त्या चढउतारांचें विजेच्या अतिशय सूक्ष्म लहरींत रूपांतर करतो. बोलण्याच्या आवाजानें उत्पन्न होणारा हा विद्युद्दाब बहुधा एका व्होल्टाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, कित्येकदां त्याहूनही कमी असतो. संगणकास मात्र अंकांवांचून दुसरी भाषा कळत नाहीं. इंटरफेस त्या दोघांच्या मध्यें बसतो. तो प्रथम क्षीण लहरी मोठ्या करतो, मग त्यांचे अंक बनवून संगणकास देतो. आणि संगणकाकडून आलेल्या अंकांच्या पुन्हां लहरी करून त्या आपल्या कर्णयंत्रास, म्हणजे हेडफोनास, पोंचवितो. चांगला दुभाष्या पदरचें कांहीं घालीत नाहीं व ऐकलेलें कांहीं गाळीत नाहीं. पण मूळ वक्ता अडखळत असेल, तर दुभाष्या त्याला वक्ता बनवूं शकत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

या दुभाष्याची परीक्षा पांच प्रश्नांनीं करावी.

पहिला प्रश्न असा : एका वेळीं किती आवाज निरनिराळे मुद्रित करावयाचे? ज्यास केवळ आजीच्या ओव्या, कथाकथन किंवा पाठांतर मुद्रित करावयाचें आहे, त्यास मायक्रोफोनाचा एकच मार्ग पुरेसा होतो. किंबहुना त्याचें काम यू-एस-बी मायक्रोफोनानेंही भागतें; कारण त्याच्या पोटांतच एक लहानसा इंटरफेस बसविलेला असतो. जो पेटी वाजवीत स्वतः गातो, त्यास दोन मार्ग हवेत, एक कंठासाठीं व एक पेटीसाठीं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं भजनें पेटी-तबल्यावर म्हणणाऱ्या मंडळीस गायक, पेटी व तबल्याचीं दोन अंगें वेगवेगळीं हवीं असतील, तर चार मार्ग लागतील. तेंच सारें एकत्र मुद्रित झालें तर चालणार असेल, तर दोन मायक्रोफोन विचारपूर्वक ठेवूनही उत्तम काम होतें. मंदिरांतील गायकवृंदाकरितां तर हीच रीति बरी. येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. खोक्यावर 'चार आवक' असें छापलेलें असलें, तरी ते चारही मार्ग मायक्रोफोनाचे असतीलच असें नाहीं. कित्येकदां त्यांपैकीं दोनच मायक्रोफोनाचे असून बाकीचे सिंथेसायझरासारख्या मोठा विद्युद्दाब देणाऱ्या वाद्यांकरितां असतात. म्हणून तीन खिळ्यांचा मायक्रोफोनाचा जोड, ज्यास एक्स-एल-आर म्हणतात, किती ठिकाणीं बसतो, तें डोळ्यांनीं मोजून घ्यावें. विजेची गिटार वाजविणाऱ्यानें तिच्याकरितां निराळी सोय आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. कारण ती साध्या मार्गांत जोडली असतां तिचा स्वर मंद व निस्तेज होतो.

दुसरा प्रश्न मायक्रोफोनाचा. मायक्रोफोन मुख्यतः दोन जातींचे आढळतात. डायनॅमिक जातीचा मायक्रोफोन दणकट असतो, त्यास बाहेरून वीज लागत नाहीं, पण त्याचा विद्युद्दाब फार क्षीण असतो. सन १९६६ पासून निघत असलेला शुअर कंपनीचा एस-एम-५८ हा या जातीचा असून सभांतून व गाण्याच्या कार्यक्रमांतून तो सर्वांनीं पाहिलेला असतो. दुसरी कंडेन्सर जात. हिचा कान अधिक तीक्ष्ण. परंतु घरगुती मुद्रणांत वापरल्या जाणाऱ्या अशा बहुतेक मायक्रोफोनांस इंटरफेसकडून ४८ व्होल्टांचा पुरवठा व्हावा लागतो. यास फँटम पॉवर असें नांव असून तिची कळ पेटीवर आहे ना, तें पाहावें.

डायनॅमिक मायक्रोफोन असेल, तर इंटरफेसची वर्धनशक्ति, जिला गेन म्हणतात, भरपूर हवी. ती डेसिबेलमध्यें मोजतात. ६० डेसिबेल वर्धन म्हणजे विद्युद्दाब हजारपट होणें. मंद आवाजाच्या वृद्ध मनुष्याकरितां एवढें वर्धन सहज लागतें. एक उदाहरण घेऊं. तें शिफारस म्हणून नव्हे, तर माहितीपत्रक कसें वाचावें हें कळावें म्हणून. फोकसराइट या इंग्रजी कंपनीच्या स्कार्लेट मालिकेंतील चौथ्या पिढीचीं यंत्रें सन २०२३ मध्यें निघालीं. त्यांतील 'सोलो' या यंत्रास मायक्रोफोनाचा एक मार्ग असून त्याचें वर्धन ५७ डेसिबेल आहे; 'टू-आय-टू' या यंत्रास दोन मार्ग असून त्यांचें वर्धन ६९ डेसिबेल आहे. हा १२ डेसिबेलांचा फरक म्हणजे विद्युद्दाबाची चौपट. कंडेन्सर मायक्रोफोनापुढें मोकळ्या गळ्यानें गाणाऱ्यास तो जाणवणारही नाहीं. पण डायनॅमिक मायक्रोफोनापुढें हळू बोलणाऱ्या आजोबांच्या बाबतींत त्यावरच सारें अवलंबून राहील. एकाच घराण्यांतील दोन यंत्रांत एवढें अंतर असूं शकतें, म्हणून नांवावर न जातां अंक पाहावा.

तिसरा प्रश्न अंकरूपांतराचा. जाहिरातींत ज्यांचा सर्वांत मोठा गाजावाजा होतो, ते अंक हेच. नदीच्या पुराची उंची दर घटकेस मोजून लिहून ठेवावी, त्याप्रमाणें इंटरफेस लहरीची उंची एका सेकंदांत हजारों वेळां मोजतो. मनुष्याचा कान फार तर सेकंदास २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकतो. क्लॉड शॅनन यानें सन १९४९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या सुप्रसिद्ध निबंधांत असें सिद्ध करून दाखविलें आहे कीं, लहरींतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळां मोजणी केल्यास मूळ लहर पूर्णपणें परत मिळवितां येते. म्हणून ४०,००० च्या वर थोडी मोकळीक ठेवली कीं झालें. सन १९८२ मध्यें बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें ४४,१०० हा अंक स्वीकारला. चलच्चित्रांच्या कामीं ४८,००० रूढ आहे. पेटीवर ९६,००० किंवा १,९२,००० असे अंक दिसले, तर त्यांस भुलूं नये. त्यांनीं घरगुती मुद्रण अधिक गोड होत नाहीं. फाइलीचा आकार मात्र दुप्पट किंवा चौपट होतो. ४८,००० मोजण्या व २४ बिट या मापानें एका मार्गाचें एक मिनिट सुमारें ८.६ मेगाबाइट जागा घेतें, म्हणजे एक तास सुमारें ५१८ मेगाबाइट.

बिटांची गोष्ट थोडी निराळी आहे. प्रत्येक मोजणी किती बारकाईनें लिहिली जाते, हें बिटांवरून कळतें, आणि दर बिटास सुमारें ६ डेसिबेल इतका आवांका वाढतो. १६ बिटांचा आवांका सुमारें ९६ व २४ बिटांचा सुमारें १४४ डेसिबेल. २४ बिट अवश्य असावेत. कारण त्यामुळें आवाज थोडा हलका घेऊन वर मोकळी जागा ठेवतां येते, व गाणारा एकाएकीं तार सप्तकांत गेला तरी स्वर फाटत नाहीं. परंतु रात्रीच्या शांत खोलींतही सुमारें ३० डेसिबेलांची कुजबुज असतेच. त्यांत छताचा पंखा फिरूं लागला तर विचारूंच नये. पंख्याची घरघर यंत्राच्या सूक्ष्म दोषांस केव्हांच झांकून टाकते. तेव्हां ११० व १२० डेसिबेलांच्या दोन यंत्रांत निवड करण्यासाठीं रात्र जागविण्यापेक्षां पंखा बंद करणें अधिक शहाणपणाचें.

चौथा प्रश्न विलंबाचा. अंक बनवून संगणकांत न्यावयाचे व तेथून परत कानांपर्यंत आणावयाचे, यास क्षणाचा अल्पसा भाग लागतो. यास लेटन्सी म्हणतात. संगणक एका वेळीं २५६ मोजण्यांचा गठ्ठा उचलीत असेल, तर ४८,००० च्या वेगानें केवळ तेवढ्यासच सेकंदाचे ५.३ सहस्रांश लागतात. जाऊन येऊन ही गोष्ट १० सहस्रांशांच्या वर जाते. ध्वनि हवेंतून एक मीटर जाण्यास सुमारें ३ सहस्रांश घेतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे एवढा विलंब साडेतीन मीटर दूर उभ्या असलेल्या मनुष्याचा आवाज ऐकण्यासारखा आहे. आजीच्या ओव्या मुद्रित करतांना याची कांहींच बाधा नाहीं. परंतु आधीं मुद्रित केलेलें गाणें कानीं घेऊन त्यावर तबला वाजवावयाचा असेल, तर स्वतःचाच ठेका मागून ऐकूं येऊन वाजविणारा गोंधळतो. यावर सोपा उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटर नांवाची कळ. ती दाबली असतां वादकाचा आवाज संगणकास वळसा न घालतां पेटींतूनच थेट त्याच्या कानीं जातो. ही कळ आहे कीं नाहीं, हें विचारूनच पेटी घ्यावी.

पांचवा प्रश्न संगणकाचा व विजेचा. पेटी कितीही उत्तम असली, तरी घरांतील संगणकाशीं तिचें जमलें नाहीं, तर ती कपाटांतच राहावयाची. आपला संगणक विंडोज, मॅक कीं लिनक्स यांपैकीं कोणत्या प्रणालीवर चालतो, ती किती जुनी आहे, व पेटी तिच्यावर चालते काय, हें खरेदीपूर्वीं पाहून घ्यावें. निराळी आज्ञावली न बसवितां चालणाऱ्या यंत्रांस क्लास कम्प्लायंट म्हणतात. अशीं यंत्रें पुष्कळ वर्षें टिकून उपयोगीं पडतात, व त्यांतील कित्येक मोबाइललाही जोडतां येतात. मात्र मोबाइल त्यांस पुरेशी वीज देईल कीं नाहीं, तें आधीं जोडून पाहावें. आपल्याकडील घरगुती विजेस सेकंदास ५० आवर्तनें असतात, व त्यांचा मंद गुंजारव कधीं कधीं मुद्रणांत शिरतो. अशा वेळीं लॅपटॉपची चार्जिंगची तार काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. पुष्कळदां गुंजारव तत्काळ थांबतो. मायक्रोफोनाची तारही बॅलन्स्ड जातीची घ्यावी. तिच्यांतील दोन तारांवर बाहेरचा उपद्रव सारखाच पडतो, आणि इंटरफेस त्या दोहोंतील फरकच तेवढा घेत असल्यामुळें तो उपद्रव आपोआप वजा होतो.

या पांच प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे निवड झाली. परंतु जें इंटरफेसच्या हातीं नाहीं, त्याचाही उल्लेख केल्यावांचून हा पाठ पुरा होणार नाहीं. सन १८९५ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांतील एका व्याख्यानगृहांत असा चमत्कार होता कीं, तेथें उच्चारलेला शब्द पांच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही, आणि श्रोत्यांस कांहींच उमगत नसे. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे त्याचा छडा लावण्याचें काम आलें. त्यानें शेजारच्या नाट्यगृहांतील खुर्च्यांच्या गाद्या रात्रीं वाहून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडून घुमारा किती कमी होतो याची मोजणी केली, आणि ध्वनिशास्त्राची एक नवी शाखाच उभी राहिली. सन १९०० मध्यें उघडलेलें बोस्टनचें सिंफनी हॉल त्याच्याच नियमांवर बांधलें गेलें. आमच्या घरांत गाद्या आहेत, गोधड्या आहेत, जाड चादरी आहेत. शहाबादी फरशीच्या व उघड्या भिंतींच्या खोलींत, गाणाऱ्याच्या पाठीमागें व दोन्ही बाजूंस दोऱ्या बांधून त्यांवर गोधड्या टाकल्या, तर जो लाभ होतो, तो दुप्पट किंमतीच्या पेटीनेंही होत नाहीं. तसेंच मायक्रोफोन तोंडापासून एक वीतभर अंतरावर, किंचित् बाजूस ठेवावा. अंतर दुप्पट झालें कीं तोंडाकडून थेट येणारा ध्वनि ६ डेसिबेलांनीं उतरतो. खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तसाच राहतो.

म्हणून पालकांस आमची अशी सूचना आहे कीं, ठरविलेली सर्व रक्कम इंटरफेसवरच खर्च करूं नये. मायक्रोफोन, त्याची तिवई, चांगली तार व बंद कपांचा हेडफोन यांकरितां निम्मा भाग तरी राखून ठेवावा. वापरलेली पेटी मिळत असेल, तर तीही घेण्यास हरकत नाहीं. मात्र प्रत्येक मार्गास मायक्रोफोन जोडून पाहावा, वर्धनाचीं बटणें फिरवितांना खरखर होते काय तें ऐकावें, आणि यू-एस-बीचा जोड सैल झालेला नाहीं याची खात्री करून घ्यावी. मुद्रणासाठीं आज्ञावली विकत घेण्याचीही निकड नाहीं. सन २००० मध्यें प्रसिद्ध झालेली ऑडॅसिटी ही मोफत आज्ञावली आजही शाळकरी कामास भरपूर पुरते.

विद्यार्थ्यांनीं मुद्रण करतांना कांहीं नियम पाळावेत. ज्याचा आवाज घ्यावयाचा, त्याची परवानगी आधीं घ्यावी, व तो पुढें कोणास ऐकविणार तेंही त्यास सांगावें. आरंभीं एकदां म्हणवून पाहून, सर्वांत मोठा स्वर मोजपट्टीवर उणें १२ च्या आसपास राहील असें वर्धन ठेवावें. मुद्रणाच्या प्रारंभीं गाणाऱ्याचें नांव, गांव व तारीख स्वतःच्या मुखानें बोलून ठेवावी. कारण फाइलीचें नांव बदलतें, पण आवाजांतील नांव त्या आवाजाबरोबरच राहतें. मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपांत राखून त्याच्या तीन प्रती कराव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्याच्या घरीं ठेवावी.

यंत्रें नित्य सुधारत जातात. पुढील वर्षीं याहून सरस पेटी निघेल, यांत संशय नाहीं. परंतु वाट पाहण्यानें यंत्र सुधारतें, माणूस मात्र थकतो. ज्याच्या घरीं एकच मार्गाची साधी पेटी, एक मायक्रोफोन व चार गोधड्या आहेत, त्याच्यापाशीं गैसबर्गच्या कर्ण्याहून कितीतरी सूक्ष्म कान आहे. या दिवाळीच्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ बसावें, खिडकी लावून घ्यावी, पंखा बंद करावा, आणि नम्रपणें म्हणावें, 'आजी, तुम्हांला येतें तें म्हणा. आम्ही ऐकतों आहों.' दुभाष्या आपलें काम चोख करील.